टिपका आणि रेघ

शकुंतला: आता बोलू नकोस, हरणाबाई. श्वास घे. सोड. पदर जरा बाजूला धर, नळी नीट टेकत नाही.

धोंडुबाई: आवं डाक्तरीणबाई, आज तिला काय बी हुईत न्हाई. परवा लय हुतं. परवाच आणायची, पर केरबाला, माझ्या धाकट्याला, सवड न्हवती.

शकुंतला: धोंडुबाई, एक मिनिट. मला मोजू द्या. ...हं. मनगटावर अठ्ठ्याऐंशी. छातीवर एकशे बत्तीस.

धोंडुबाई: म्हंजी? माझ्या सुनंला दोन नाड्या हायत?

शकुंतला: नाडी एकच. पण हृदयाचे सगळे ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीयेत. काही इतके घाईचे आहेत की वाटेतच विरतात. आणि जे पोचतात त्यांनाही ताल नाही. दोन जवळजवळ, मग एक लांब, मग तीन एकदम. हरणाबाई, आत्ता छातीत काय वाटतंय?

हरणाबाई: काय न्हाई. आज बरं हाय बगा. माधवनगरला गाडीतनं उतरून टांग्यात चढताना वाईच दम लागला, तेवढाच.

शकुंतला: धडधड?

हरणाबाई: अजाबात न्हाई. परवा हुती. हितं, ह्या हितं, चिमणी कोंडल्यागत.

शकुंतला: गंमत आहे. आत्ता तुझं हृदय वाटेल तसं पळतंय, आणि तू म्हणतेस बरं आहे.

हरणाबाई: मग मी खोटं बोलतीया व्हय?

शकुंतला: नाही गं. तुला वाटतं ते तू सांगतेस, मला ऐकू येतं ते मी सांगते. बरं, लहानपणी कधी सांधे सुजले होते? ताप येऊन?

हरणाबाई: व्हय की. म्हायेरी, जतला. दहा वर्साची असंन. गुडघं असं सुजलं की मेंढरामागं जाता यीना. अव्वानं, माझ्या आयनं, पाला बांधला. दोन म्हयनं निजून हुते.

धोंडुबाई: हे आमास्नी सोयरीक करताना कुनी सांगितलं न्हाई.

शकुंतला: कुणाला ठाऊक असणार? ताप गेला, गुडघे बरे झाले, पण जाताना हृदयातलं एक दार आखडून गेला. रक्ताला वरच्या खोलीतून खाली जायची वाट अरुंद झाली. इतकी वर्षं जोर लावून वरची खोली थकली. आता ती धड आकसत नाही, नुसती थरथरते. अजून कायमची नाही. कधी थरथरते, कधी ताळ्यावर येते. घरात कोण कोण आहे?

धोंडुबाई: आमी दोघी, केरबा आनि बैल. थोरला माझा मानसिंग, हिचा मालक, पलटणीत हाय. इटलीला. जेठात शेवटचं पत्र आलं. त्येच्यानंतर चिठ्ठी न्हाई, तार न्हाई. दिवाळी हून पंधरा दिस झालं. पलटणीच्या कचेरीत केरबानं दोन अर्ज लिवलं. म्हंत्यात, चौकशी चालू हाय.

शकुंतला: म्हणजे पाच महिने.

हरणाबाई: पाच म्हयनं आनि चार दिस.

शकुंतला: हं. ही डबी घे. यात डिजिटॅलिसच्या चाळीस गोळ्या आहेत. रोज सकाळी एक. बरं वाटलं तरी, नाही वाटलं तरी. उलट्या झाल्या किंवा सगळं पिवळंपिवळं दिसायला लागलं तर थांबायचं आणि मला कळवायचं. आणि डोक्यावरून पाणी आणायचं नाही.

हरणाबाई: मग पाणी कोन आणंल?

धोंडुबाई: केरबा आणंल. चार दिस लोक हसतील, मग गप बसतील.

शकुंतला: अजून एक काम आहे, आणि ते अवघड आहे. ही थरथर कधी येते, कधी जाते ते मला कळायला हवं. मुंबईला हृदयाचा आलेख काढायचं यंत्र असतं. माझ्याकडे नाही, आणि असतं तरी तुम्ही रोज थोड्याच येणार? तुमच्या गावात कुणाला नाडी कळते?

धोंडुबाई: मला. आवं, मी सुईण हाय. चाळीस वर्सं पोटाला कान लावून पोरांची काळजं ऐकतीया. कुठलं पोर गुदमरलंय ते ह्या कानाला आदी कळतं.

शकुंतला: मग झालंच. हा तारखांचा कागद घ्या. रोज सकाळी, आणि हिला कधी धडधडलं तर तेव्हाही, छातीला कान लावायचा. ठोके सरळ असले तर त्या तारखेवर सरळ रेघ. वेडेवाकडे असले तर नागमोडी. आणि हरणाबाई, तुला ज्या दिवशी धडधड जाणवेल त्या दिवशी तू टिपका द्यायचास. तुझं तू, त्यांचं त्या. एकमेकींचं बघून लिहायचं नाही.

*

धोंडुबाई: हालू नगंस. कोंबडं वरडाया लागलं, काय ऐकू यीना. ...हां. वाकडं. आज बी वाकडंच हाय. पेन्सील दे.

हरणाबाई: आत्याबाय, मला तर काय बी वाटंना. शांत हाय सगळं.

धोंडुबाई: मग टिपका देऊ नगंस.

हरणाबाई: काल शेंगा तोडताना लय झालं. हातातला येल तसाच ऱ्हायला.

धोंडुबाई: तवा बी ऐकलं की म्या, शेंगांच्या ढिगाऱ्यावं बसून. घाईचं हुतं, पर सरळ हुतं.

हरणाबाई: सरळ कसं असंल? माझं सगळं आंग हालत हुतं.

धोंडुबाई: माझ्या कानाला आलं ते म्या वढलं. तवा काय मनात आलं हुतं तुझ्या?

हरणाबाई: काय न्हाई.

धोंडुबाई: मी सासू हाय, पर त्येची आई बी हाय. सांग.

हरणाबाई: बांधावनं कुनी तर शीळ घातली. ह्येंच्यागत.

धोंडुबाई: केरबानं घातली. बैलास्नी. भावाभावांची शीळ सारखीच हाय.

हरणाबाई: ते मागनं ध्यानात आलं. धडधडलं आदी. आत्याबाय, तुमाला एक सांगू? हसू नगा.

धोंडुबाई: हसायला काय उरलंय.

हरणाबाई: ह्येंनी जाताना, भिलवडीच्या ठेसनावर, तुमी गाडग्यातनं पाणी आणाया गेला हुता, तवा मला म्हनलं, तुला वाचाया येत न्हाई, मला रोज लिवाया जमायचं न्हाई. तर आपलं असं ठरलं, मी आठवण काढली की तुला छातीत कळंल. आनि कळतं, आत्याबाय. पत्रं येत हुती तवा कवातरी कळायचं. पत्रं थांबली तसं जास्तच कळाया लागलं. कवा भाकरी थापताना, कवा उसात. म्हून मला भ्या वाटत न्हाई. पलटणीवाल्यांस्नी चौकशी करू द्या. मला ठावं हाय, ह्ये हायती.

धोंडुबाई: मला कसं काय कळत न्हाई गं? नऊ म्हयनं माझ्या पोटात हुता त्यो.

हरणाबाई: तुमाला रडाया यील म्हून कळवत नसतील.

धोंडुबाई: असंल. ...गोळी घेतलीस?

हरणाबाई: व्हय. घेतली.

*

शकुंतला: हे तुम्ही फार चोख केलंत, धोंडुबाई. एकही तारीख रिकामी नाही.

धोंडुबाई: एक दिस बाळंतपणाला गेले हुते, कुंभाराकडं. तरी सकाळी कान लावूनच गेले.

शकुंतला: चाळीस दिवस. नागमोडी रेघा सतरा. टिपके एकोणीस. हरणाबाई, तुला काय वाटतं, टिपके आणि नागमोडी रेघा किती दिवशी एकत्र असतील?

हरणाबाई: सगळ्याच असतील की. एखादा दिस हिकडंतिकडं.

शकुंतला: पाच.

हरणाबाई: पाचच?

शकुंतला: चौदा दिवस तुला धडधडलं तेव्हा हृदय सरळ चाललेलं होतं. आणि बारा दिवस ते सैरावैरा होतं आणि तुला पत्ताही नव्हता. या बारा दिवसांत तू काय करत होतीस, आठवतं?

धोंडुबाई: मला ठावं हाय की. ह्या तारखंला सारवण काढलं. ह्या दोन दिसांत कडबा रचला, मी नगं म्हनत असताना. लय हुशारीत हुती.

शकुंतला: तेच सांगतेय मी. तुला वाटतं त्यावरून या दुखण्याचं काही ठरवता येत नाही. ते आलं तरी गप्प असू शकतं, आणि गेलं तरी तुला वाटतं आहे. बरं, डबी दाखव.

हरणाबाई: डबी घरी ऱ्हायली.

धोंडुबाई: माझ्या वटीत हाय. ही घ्या. काल उतरंडीत सापडली.

शकुंतला: ...चोवीस. चाळीसातल्या चोवीस तशाच आहेत.

धोंडुबाई: रोज सकाळी माझ्या म्होरं पाण्याचा घोट घेती. रोज. म्या म्हनलं घेतली.

शकुंतला: हरणाबाई, उलट्या झाल्या का? भूक मेली?

हरणाबाई: न्हाई.

शकुंतला: मग?

हरणाबाई: पयल्या सोळा घेतल्या. घेताघेताच लागोपाठ तीन दिस धडधडलंच न्हाई. टिपका न्हाई बगा तिथं. सगळं गप. मला वाटलं, आता संपलं. ह्येंचं कायतरी झालं. चवथ्या दिशी म्या गोळी परत डबीत टाकली. पाचव्या दिशी झालं, धडधडलं. मग म्या न्हाईच घेतली.

शकुंतला: धोंडुबाई, ही काय म्हणतेय?

धोंडुबाई: नवऱ्यानं आठवण काढली की हिच्या छातीत कळतं. तसं ठरलंय त्या दोघांचं. गोळीनं त्येचा आवाज बंद हुईल म्हून घेईना झाली.

हरणाबाई: तुमाला खुळी वाटत आसंन मी.

शकुंतला: नाही. माझे यजमान येरवड्याला आहेत.

धोंडुबाई: नोकरीला?

शकुंतला: तुरुंगात. बेचाळीसच्या गडबडीत पकडले. दोन वर्षं झाली.

धोंडुबाई: म्हंजी आमचा त्या सरकारकडनं लढतोय आनि तुमचं त्या सरकारनं कोंडल्यात.

शकुंतला: हो. पण वाट बघायची ती आपण सगळ्यांनीच.

हरणाबाई: त्येंनी आठवण काढली की तुमाला कळतं?

शकुंतला: महिन्याला एक पत्र येतं. निम्मं काळ्या शाईनं खोडलेलं.

हरणाबाई: ते न्हाई. कळतं का?

शकुंतला: ...नाही गं. सकाळी चहा गाळताना माझ्याही छातीत कधीकधी गलबलतं. मी लगेच नाडी धरते, सवयच लागलीय. ती सरळ असते. मला एवढंच कळतं की माझी नाडी सरळ आहे. त्यांचं काय चाललंय ते मला काही कळत नाही.

हरणाबाई: मग मला हुतं ते काय हाय? दुखणं न्हाई म्हंता. ह्येंचं बी न्हाई म्हंता.

शकुंतला: त्यांचं नाही असं मी म्हटलं नाही. ते मला ठरवता येणार नाही. पण दुखणं नाही, हे हा कागद सांगतो. गोळी त्या आठवणीला हात लावत नाही, हरणाबाई. ती फक्त हृदयाला दमानं चालायला लावते. आता नीट ऐक. त्या थरथरणाऱ्या खोलीत रक्त साचून राहतं. साचलं की दह्यासारखं धरतं. त्यातली एक कवडी सुटून डोक्यात गेली तर हात जातो, पाय जातो, वाचा जाते.

धोंडुबाई: आगं आई.

शकुंतला: घाबरवत नाही, खरं सांगतेय. ही गोळी घेतल्यानं ते टळेलच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुला मी वाऱ्यावर सोडणार नाही. नियम एकच. लागोपाठ दोन दिवस नागमोडी रेघ आली की तिसऱ्या दिवशी गाडी धरून माझ्याकडे यायचं. आडवं करून, औषध वाढवून मी त्याला ताळ्यावर आणायला बघेन. धडधडायची वाट बघायची नाही. रेघ काय म्हणते ते बघायचं.

धोंडुबाई: आणंन मी. वढत आणंन.

शकुंतला: गोळी घेशील?

हरणाबाई: घीन. पर मला नवा कागद द्या. टिपका मी देनार. त्येचा काय उपेग नसला तरी देनार.

*

धोंडुबाई: ती पाटी ठिव खाली. म्या सांगितलं हुतं, गुऱ्हाळावं केरबाची भाकरी मी नेनार.

हरणाबाई: आत्याबाय, दोन शेतं लांब हाय नुसतं. आज किती दिसांनी मला आसं वाटतंय! दम न्हाई, धडधड न्हाई. पाय कसं हलकं हायत. आनि काहिलीवरचा वास बगा की कसा सुटलाय.

धोंडुबाई: पाच दिस झालं वाकडं वाजतंय. पाच. परवाच निघायचं हुतं. तू म्हनलीस बरं हाय. काल निघायचं हुतं. तू म्हनलीस काहील उतरंपर्यंत केरबाला गाडी जुपायला लावू नगा.

हरणाबाई: आनि खोटं काय हाय त्यात? रस नासला आसता.

धोंडुबाई: नासू दे. डाक्तरीणबाई काय म्हनली हुती? रेघ बगा.

हरणाबाई: रेघ रेघ! गोळी घेतीया की रोज. तुमी डबी मोजता की. मला माझं कळत न्हाई व्हय? मरायला टेकलेलं मानूस आसं चालतं व्हय? हे बगा.

धोंडुबाई: हरणा, उभी ऱ्हा. दम खा.

हरणाबाई: उद्या जाऊ. केरबा भावजींची काहील उतरली की लगीच. तुमी त्यो तांब्या द्या तेवढा. आनि त्यो... त्यो...

धोंडुबाई: काय?

हरणाबाई: त्यो... तांब्या. न्हाई. तां... तांब्या न्हाई... त्यो...

धोंडुबाई: आगं भाकरी सांडली. हरणा? पाटी अशी का सोडलीस? हिकडं बग. हात का लोंबतोय तुझा? उजवा हात उचल. उचल म्हंते!

हरणाबाई: तां... तां...

धोंडुबाई: त्वांड बग कसं झालं. बस. हितं मांडीवं टेक. बोलू नगंस, मला समजलं, बोलू नगंस. केरबा! आरं केरबाऽ! काहील सोड! सोड ती काहील, नासू दे! गाडी जूप! हरणे, माझ्याकडं बग. माझ्याकडंच बग बाळा.

*

शकुंतला: सावकाश या धोंडुबाई, झोप लागलीय तिला. गावाकडे सगळं ठीक?

धोंडुबाई: केरबानं गूळ सांगलीच्या पेठंला आणलाय, त्येच्याच गाडीतनं आले. हात कसा हाय?

शकुंतला: पाऊल टाकते भिंतीला धरून. हात अजून नाही. बोलायला लागलीय, पण हवा तो शब्द जागेवर सापडत नाही. काल दिव्याला दार म्हणाली. मग स्वतःच हसली. महिन्याभरात इतकं आलं, अजून येईल.

धोंडुबाई: माझं चुकलं. वढत आणंन म्हनले हुते. ती हसत हुती, गानं म्हनत हुती, म्हून म्या बी मनात म्हनलं, कान आता म्हातारा झालाय.

शकुंतला: कान बरोबर होता. आणि तुम्ही तिला आणली असतीत तरी हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. स्वतःला खाऊ नका.

धोंडुबाई: मी निराळ्याच कामाला आले. हे बगा. परवा आलं. केरबानं वाचलं, पर केरबा रडत रडत वाचत हुता, मला निम्मं समजलंच न्हाई. तुमी वाचा. आदी मनात वाचा. हिला सांगण्यासारखं असंल तरच मोठ्यानं.

शकुंतला: ...हे मानसिंगचं आहे.

धोंडुबाई: तेवढं समजलंय. हाय त्यो. हाय न्हवं?

शकुंतला: आहे. जिवंत आहे, धोंडुबाई. इटलीतल्या इस्पितळात आहे.

हरणाबाई: आ... आत्याबाय?

धोंडुबाई: जागी झाली. हरणा, पत्र आलंय बाय.

हरणाबाई: पा... पाणी?

धोंडुबाई: पत्र. पत्र.

हरणाबाई: पत्र. ...वाचा.

शकुंतला: वाचते. "तीर्थरूप आईस मानसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, काळजी नसावी. आषाढ-श्रावणात चढाई चालू होती, लिहिणं जमलं नाही. भाद्रपद सरताना आमच्या मोर्चावर गोळा पडला. डोक्याला मार बसला आणि वर ताप चढला. गळ्यातला बिल्ला तुटून पडला होता, त्यामुळे माझं नाव कोणास ठाऊक नव्हतं, आणि ते सांगण्याची मला शुद्ध नव्हती. दसरा-दिवाळी कधी झाली कळलं नाही. इथली सिस्टर सांगते की चार महिने मी डोळे उघडे ठेवून पडून होतो, पण कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाला हाक मारली नाही. मला त्यातलं काही आठवत नाही. सगळं कोरं आहे. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस सिस्टरनं चमच्यानं काहीतरी गोड भरवलं, तेव्हा एकदम घर डोळ्यांपुढे आलं. आधी आमची विहीर दिसली. मग हरणा दिसली. मग मी माझं नाव सांगितलं."

धोंडुबाई: म्होरं?

शकुंतला: "आता काठी घेऊन चालतो. लढाई उरकत आली असं म्हणतात. बोट मिळेल तेव्हा येईन. केरबास आशीर्वाद. हरणास सांगावं की वाट पाहावी."

(बाहेर गुळाच्या गाड्या जातात.)

हरणाबाई: भाद्रपद... ते संक्रांत.

शकुंतला: हो.

हरणाबाई: माझं टिपकं... तवाच... लय हुतं.

शकुंतला: हो. तेव्हाच सगळ्यात जास्त होते.

हरणाबाई: आनि ह्ये... कोरं.

धोंडुबाई: आगं बेशुद्ध हुता त्यो. त्येच्या हातात हुतं का काय?

हरणाबाई: संक्रांतीला... टिपका हाय? दुसरा कागद. तुमच्याकडं हाय न्हवं... बाई?

शकुंतला: आहे. थांब, काढते. चौदा जानेवारी. ...सरळ रेघ आहे. टिपका नाही. त्या सबंध आठवड्यात नाही.

धोंडुबाई: तीळ कुटत हुतीस तू. शेजारनीसंगं हसत हुतीस. मला चांगलं ध्यानात हाय.

शकुंतला: हरणाबाई, छातीत काही होतंय का?

हरणाबाई: मला इचारू... नगा. आत्याबायस्नी इचारा.

धोंडुबाई: सरक. ऐकू दे. ...सरळ हाय. लय घाईचं हाय, पर सरळ.

हरणाबाई: मग ते... माझंच हुतं. तवा बी. सगळं माझंच.

शकुंतला: हो. तुझंच होतं.

हरणाबाई: चार म्हयनं... ह्येंच्या वाटणीची बी... मीच काढली आठवण.

धोंडुबाई: रडू नगंस.

हरणाबाई: रडत न्हाई. ...आत्याबाय, ह्ये हायती. त्वांडानं सांगितल्यागत... कागदावं हाय आता. छातीतनं... कशाला कळाया पायजे?

धोंडुबाई: हाय. दोन डाव वाचून झालंय, हाय त्यो.

शकुंतला: उत्तर लिहायचं का? दौत काढू? तू सांग, मी लिहिते. हळूहळू सांग, शब्द नाही सापडला तर थांबू आपण. पत्र थांबायला तयार असतं.

हरणाबाई: लिवा. ...पयलं, आत्याबाय बऱ्या हायत्या. केरबा भावजींनी गूळ... काढला. एक काहील नासली.

शकुंतला: "एक काहील नासली." हं.

हरणाबाई: ती का नासली... ते लिवू नगा.

शकुंतला: नाही लिहीत. हाताचं?

हरणाबाई: नगं. येतील तवा बगतील.

शकुंतला: बरं. तुझी खुशाली लिहायला हवी ना. "मी बरी आहे" असं लिहू?

हरणाबाई: ...न्हाई. तसं मला... न्हाई सांगता यायचं.

शकुंतला: मग काय लिहू?

हरणाबाई: लिवा. बरी हाय का न्हाई... ते आत्याबाय रोज सकाळी कान लावून सांगत्यात. मला माझं... एवढंच कळतं, की मी वाट बगतीया.

शकुंतला: "...वाट बघते आहे." अजून काही?

हरणाबाई: वाचून दावा. ह्येंनी वाचल्यागत वाचा.